तासाला चार डॉलर, उडालो तर

मी मुंबई सोडली त्या दिवशी हरताळ होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे दिवस. आठवड्याआड काही ना काही बंद असायचंच. ट्राम नाही, बस नाही, टॅक्सीवाल्याला दुप्पट पैसे कबूल केले तरी तो नुसती मान हलवायचा. बोट मात्र हरताळ पाळणारी नव्हती. ती बॅलार्ड पियरवरून दुपारी सुटणार म्हणजे सुटणार. शेवटी बाबांनी लालबागच्या नाक्यावरून एक हातगाडी मिळवली, तिच्यावर माझी पत्र्याची ट्रंक आणि वळकटी बांधली, आणि आई, बाबा, धाकटा भाऊ वसंत आणि मी असे चौघे गाडी ढकलत निघालो. भायखळ्यापर्यंत दोनदा अडवलं. "आज गाडी काढता? लाज नाय वाटत?" म्हणून अंगावर येणाऱ्या पोरांना बाबा सांगायचे, "अरे, मी तुमच्याच मोर्च्यातलो. माझो झील परदेशाक चाललो हा." मग तीच पोरं गाडीला हात लावायची. एकाने खिशातून खडू काढून ट्रंकेवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं ठळक अक्षरात लिहिलं. आई पदराने पुसायला गेली तर बाबा तिच्यावर ओरडले. ती घोषणा तशीच घेऊन मी कॅनडाच्या वाटेवर लंडनला उतरलो. तिथल्या कस्टमवाल्याने हे काय लिहिलंय म्हणून विचारलं, तेव्हा समजावत बसायचा कंटाळा येऊन मी सांगितलं, माझं नाव आहे.

वाटेत चार जणांनी तोंडावर सुनावलं, की बाप मुंबईसाठी लाठ्या खातोय आणि पोरगा मुंबई सोडून चाललाय. मी मान खाली घालून गाडी ढकलत राहिलो. बाबांनीही माझी बाजू घेतली नाही. धक्क्यावर इतरांचे आईबाप डोळे पुसत होते, थंडीत छाती झाक, पत्र टाक, असं काहीबाही सांगत होते. माझ्या बाबांनी शिडीपाशी माझा दंड धरला आणि म्हणाले, "कायम करतत काय, ता पयला इचार."

जे गिरणगावात वाढलेले नाहीत त्यांच्यासाठी हे जरा सांगायला हवं. बाबा साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. पण साचा मिळण्याआधी कित्येक वर्षं ते 'बदली' होते. बदली म्हणजे रोज सकाळी पास घेऊन गिरणीच्या दारात जायचं आणि उभं राहायचं. आतला कोणी आजारी पडला, गावाला गेला, दारू पिऊन झोपला, तर मुकादम तुमचं नाव पुकारणार. नाही पुकारलं तर घरी. काम केलंत त्या दिवसाचा पगार, उभे राहिलात त्याचा काही नाही. आमच्या घरात 'कायम' हा शब्द देवाच्या नावासारखा घेतला जायचा. माझ्या जन्मानंतर बाबा कायम झाले म्हणून मी पायगुणाचा. हा पायगुण मला पुढे फार महागात पडला.

आता असल्या घरातला मुलगा हेलिकॉप्टर चालवायला कसा लागला, हे मला आजवर इतक्या लोकांनी विचारलंय की सांगून तोंड दुखलं. थोडक्यात सांगतो. मी मॅट्रिकनंतर जुहूला विमानं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये चिकटलो, सरकारी सवलतीत उडायला शिकलो, आणि चहाच्या मळ्यांवर औषध फवारणाऱ्या एका परदेशी कंपनीने हेलिकॉप्टरं आणली तेव्हा ती चालवायला शिकवून घ्यायला त्यांना स्वस्तातला माणूस हवा होता. तो मी होतो. तिथल्याच एका गोऱ्या इन्स्ट्रक्टरने कॅनडातल्या एका छोट्या कंपनीकडे माझं नाव टाकलं. तिथे उन्हाळ्यात जंगलं पेटतात, डोंगरात रस्ते नाहीत, माणसं आणि पंप वर पोचवायला हेलिकॉप्टर लागतं आणि पायलट कमी आहेत, असं त्याने सांगितलं. सगळं खरं होतं. फक्त पगार कसा देतात ते तो सांगायचा विसरला.

कंपनीच्या ऑफिसात पोचल्या पोचल्या, बाबांचा शब्द म्हणून, मी कायम करणार का ते विचारलं. बॉसला प्रश्नच कळला नाही. त्याने माझ्यापुढे कॉन्ट्रॅक्ट सरकवलं. मे ते सप्टेंबर सीझन. राहायला तंबू, जेवायला कॅम्पचं जेवण. बांधलेला पगार इतकाच, की त्यात हिवाळ्यातल्या खोलीचं भाडं जेमतेम निघावं. बाकी जे काही ते उडालेल्या तासावर. तासाला चार डॉलर. बरोबरच्या गोऱ्या पायलटना पाच. मला एक डॉलर कमी का, तर म्हणे डोंगराचा अनुभव नाही. कोकणातल्या माणसाला डोंगराचा अनुभव नाही! पण हे इंग्रजीत कसं सांगायचं ते येईना, म्हणून सही केली.

आणि तास म्हणजे काय? तर यंत्राचे पाय जमिनीपासून सुटल्यापासून जमिनीला लागेपर्यंत. सकाळी उजाडल्यापासून इंधन भरून, हेल्मेट मांडीवर घेऊन स्टँडबाय बसायचं, ते फुकट. वर एखाद्या सुळक्यावर, खालून गरम वारे ढुशा देत असताना, पंखा फिरता ठेवून माणसं उतरवायची, होजची भेंडोळी काढायची, हे जमिनीवर होतं म्हणून तेही फुकट. आगीवर पाणी टाकायचे प्रयोग तेव्हा नुकते सुरू होते. टाकी भरायला तळ्याकाठी थांबलो की तेवढा वेळ कापला. जंगलखातं कंपनीला आगीच्या कामाचे जादा पैसे द्यायचं. ते जादा पैसे माझ्यापर्यंत येताना मधल्या कुठल्या तरी स्टेशनवर उतरून जायचे.

पाऊस आला तर आग नाही, म्हणून पगार नाही. हे एकवेळ समजू शकतो. पण आग फार भडकली तर धूर इतका दाटायचा की पुढचं झाड दिसायचं नाही. मग सगळी यंत्रं जमिनीवर, आणि पुन्हा पगार नाही. म्हणजे माझं पोट भरायला आग अगदी बेताची लागायची. धुराच्या दिवसांत फावडी घेऊन गेलेल्या माणसांना तासाचे पैसे मिळत, बटाटे सोलणाऱ्या आचाऱ्याला मिळत, आणि मी त्यांच्या शेजारी बसून फुकटचा चहा ढोसत असे. एकदा मीही बटाटे सोलायला लागलो तर आचारी म्हणाला, सॅम, त्याचे पैसे मला मिळतात, तू राहू दे. हो, तिथे माझ्या शांतारामचा सॅम झाला होता. त्याचं मला काही वाटलं नाही. रेट एक डॉलरने वाढवला असता तर मी त्यांना काहीही म्हणू दिलं असतं.

हे सगळं मी घरी लिहायला हवं होतं. पण वसंताच्या पत्रात आईने विचारलं होतं, पगार किती, आणि मी सरळ लिहून टाकलं, तासाला चार डॉलर. झालं. आमच्या चाळीत बाबांचे जॉबर परबमामा राहायचे. जॉबर म्हणजे खात्यातल्या साचेवाल्यांवरचा माणूस, हिशेबात पक्का. त्यांनी गॅलरीत उभं राहून सगळ्यांदेखत माझा पगार काढला. चार डॉलरचे झाले वीस रुपये. पाळी आठ तासांची, म्हणजे दिवसाला एकशे साठ. महिन्याचे सव्वीस दिवस. चार हजार एकशे साठ! ज्या मजल्यावर कोणाच्या हातात महिना दीडशेच्या वर पडत नव्हते, तिथे हा आकडा बॉम्बसारखा पडला असणार. गिरणीत तास म्हणजे तास. यंत्र चालू असलं काय, पट्टा तुटला काय, पाळीचे आठ तास ते आठच. पायलटचे तास आकाशातच मोजतात, हे त्या माणसांच्या डोक्यात येणार तरी कुठून?

त्यानंतरच्या पत्रांनी माझ्या नाकी नऊ आणले. गावच्या मंडळाने देवळाच्या सभामंडपाला माझ्या नावाची फरशी ठरवली. पैसे नंतर पाठव म्हणे. घोडपदेवच्या चुलतकाकांना मुलाला कॉलेजात घालायचं होतं. माटुंग्याच्या एका गृहस्थांनी, ज्यांना मी जन्मात पाहिलं नव्हतं, आपल्या मुलीचा फोटो आणि पत्रिका धाडली. मी परतीच्या टपालाने लिहिलं, की मागच्या महिन्यात मी अवघे एकोणीस तास उडालो. वसंताने कळवलं, की परबमामा म्हणतात, महिन्यात नुसते एकोणीस तास कोण काम करतो, शांताराम विनयाने बोलतोय. मी कपाळाला हात लावला. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर आलेत त्यांना हे ठाऊक असेल. घरच्यांना तुमच्या श्रीमंतीचा हिशेब एकदा पाठ झाला, की तो तुमच्याकडूनही खोडला जात नाही.

सगळ्या चाळीत एकाच माणसाने त्या आकड्यावर विश्वास ठेवला नाही. बाबांनी वसंताला पत्रात एवढंच लिहायला सांगितलं होतं: "पाऊस पडलो तर खातलस काय?" मला आधी फार बरं वाटलं, की चला, एकाला तरी कळलं. ते बरं वाटणं दोन पत्रंही टिकलं नाही.

गिरणीत तेव्हा अशी रीत होती, की कामगार निवृत्त झाला की त्याच्या एका मुलाला बदलीचा पास मिळायचा. एकालाच. कोणाला ते बापाने नाव देऊन सांगायचं, आणि त्या मुलाने लगेच दारात हजर व्हायचं, नाहीतर पास गेला. वसंत मॅट्रिकला दोनदा आपटला होता. संयुक्त महाराष्ट्र समितीची पोस्टरं चिकटवणं, सभेच्या सतरंज्या उचलणं, यात त्याचे दिवस चालले होते, आणि मधल्या वेळात तो गिरणीच्या दारात जाऊन पासाशिवाय उभा राहायचा, की चुकून एखाद्या दिवशी घेतील. घरात कोणाला विचारलंत तर पास वसंताचा, यात शंका नव्हती. पण बाबांनी जाहीर केलं, की पास शांतारामचा. का? तर वसंताचं काय, तो डोळ्यांसमोर आहे, त्याचं काही ना काही होईल. मोठ्याचं काम कायम नाही. उद्या त्यांनी काढलं की तो येतला, तेव्हा त्याला जागा नको?

मी वाचून थक्क झालो. जगातल्या सगळ्यात महागड्या यंत्रांपैकी एक मी चालवत होतो, आणि माझा बाप माझ्यासाठी साच्यावरची बदली राखून बसला होता. मी लिहिलं, पास वसंताला द्या. उत्तर आलं, बघू. पुन्हा लिहिलं. उत्तर आलं, तुझा कायम झाला काय? मी चिडून लिहिलं, इथे कोणीच कायम नसतं, ही पद्धतच नाही. त्यावर बाबांचं उत्तर, "मगे मी सांगतंय ताच बरोबर." अशा माणसाशी समुद्रापलीकडून वाद कसा घालायचा? आणि वसंत, ज्याच्या आयुष्याचा प्रश्न होता, तो हे सगळं स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहून पाठवायचा आणि खाली लिहायचा, दादा, तब्येतीला जप.

दुसऱ्या सीझनला मी आगीची दोन वर्णनं जरा रंगवून लिहिली. ही चूक मी पुन्हा केली नाही. आईने हाय खाल्ली. आपला मुलगा आगीवरून उडतो म्हटल्यावर तिला झोप लागेना. तिने गावच्या मंडळाच्या लालबागमधल्या खोलीत गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. कोकणातला कोणीही सांगेल, गाऱ्हाणं म्हणजे नुसती प्रार्थना नव्हे. एक जाणता माणूस नारळ ठेवून देवाला सगळी अडचण रीतसर सांगतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे एका आवाजात होकार देतात. वसंताने सगळं हुबेहूब लिहून पाठवलं होतं. "बा देवा म्हाराजा, आमचो झील परमुलखात आगीवरसून इमान घेऊन फिरता. तर त्या मुलखात असो पाऊस पाड, असो पाऊस पाड, की काडयेचीसुद्धा आग लागाची नाय रे म्हाराजा!" आणि खोलीतले सगळे, ज्यांनी माझे महिन्याला चार हजार काढले होते ते परबमामासुद्धा, छाती फुगवून म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

मी देवभोळा नाही. पण पुढच्या सीझनला मेपासून जो पाऊस लागला, तो तिथल्या म्हाताऱ्यांच्याही आठवणीत नव्हता. जंगल ओलंगच्च. जूनमध्ये मी तीन तास उडालो, तेही कोण्या सर्व्हेवाल्याला डोंगरावर सोडायला. तंबूच्या कापडातून पाणी ठिबकत होतं आणि मी ते जुनं पत्र पुन्हा वाचत होतो. जुलै संपता संपता लाकूड कापायच्या कारखान्यात फळ्या रचायला गेलो. तिथे तासाचे पैसे जमिनीवर उभं राहून मिळत. सीझन संपल्यावर बॉसकडे गेलो, रेट वाढव नाहीतर दिवसाला काहीतरी कमीत कमी बांधून दे, आम्ही तयार बसतो त्याचे पैसे दे, म्हणून हुज्जत घातली. त्याने खांदे उडवले आणि म्हणाला, "सॅम, पाऊस मी पाडला का?" कोणी पाडला ते मला ठाऊक होतं, पण त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? पुढच्या मेमध्ये ये, गरज असली तर बघू, असं म्हणून त्याने दार उघडून धरलं. गिरणीचा मुकादम निदान इतकं इंग्रजी बोलायचा नाही.

आईला मी लिहिलं, की पाऊस पडला की माझा पगार बंद होतो. तिचं उत्तर वाचून हसावं की रडावं कळेना. "मगे देवाक सांगू काय, थोडी थोडी आग लागांदे म्हणान?"

त्या हिवाळ्यात साठवलेल्या पैशांतून तिकीट काढून मी घरी आलो. महाराष्ट्र राज्य झालं होतं. लालबागच्या दुकानांवरची तोरणं सुकून काळी पडली होती, पण कोणी काढली नव्हती. ज्याला त्याला आनंद सांगायचा होता आणि त्यानंतर लगेच माझा पगार विचारायचा होता. मी खरं सांगायचो, ते डोळा मारायचे. घरात मात्र वेगळंच. बाबा वाळले होते. भाकरीचा तुकडा तोडताना ताटात चाचपायचे. जिन्यात माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघायचे. दुसऱ्याच दिवशी परबमामांनी मला गॅलरीच्या टोकाला नेलं.

"शांताराम, तुझ्या बापसाक आता धागो दिसत नाय," ते म्हणाले. "तुटलेलो धागो तसोच जाता नि कापड खराब जाता. मी किती दिवस झाकतलंय? निवृत्ती घेवा म्हटला तर ऐकणत नाय. आज ना उद्या खराब कापडासाठी काढून टाकतले. मगे पास तुकाय नाय नि वसंताकय नाय."

मी परत येईपर्यंत जागा राखायची, एवढ्यासाठी माणूस आंधळा व्हायला निघाला होता. मी घरात येऊन तोफ डागली. वसंताचं वय निघून चाललंय, तुमचे डोळे गेलेत, मला तो पास नको, नको, नको. बाबा शांतपणे म्हणाले, "उद्या पाळी सुटताना दारात ये." मला वाटलं, चला, पटलं. वसंताला मी हळूच म्हटलंही, की उद्या तुझं काम होणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा झाला, माणसांचा लोंढा बाहेर पडला, आणि सगळ्यात शेवटी भिंतीला हात लावत बाबा आले. कपड्यांवर कापूस. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला दारातल्या टाइमकीपरच्या खिडकीशी नेलं. टाइमकीपर साताऱ्याकडचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते.

"ह्यो माझो मोठो झील," बाबा म्हणाले. "परदेशात इमान चलयता. पण काम कायम नाय. म्हटला, तोंडओळख असलेली बरी."

टाइमकीपरनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. अंगात कोट होता, पायात चांगले बूट. "इमान चालवितो व्हय?" ते म्हणाले. "मंग साच्यावर कशापायी येतोय?"

आजूबाजूचे चार जण हसले. माझ्या कानांतून धूर निघायचा बाकी होता. इतकी वर्षं जमलेला सगळा वैताग, त्या बॉसचा, त्या चार डॉलरचा, त्या पावसाचा, त्या फरशीचा, घशाशी आला आणि मी भर दारात ओरडलो, "बाबा, माका ती जागा नको! किती वेळा सांगू? मी परत येवचंय नाय!"

गर्दीत हे वाक्य कोणाच्या लक्षातही आलं नसेल. मी मात्र स्वतःच दचकलो. पत्रांमध्ये मी रेट लिहिला होता, पाऊस लिहिला होता, धूर लिहिला होता, वसंताला पास द्या हे तर इतक्या वेळा लिहिलं होतं. हे एक वाक्य कधी लिहिलं नव्हतं, कारण तोंडातून निघेपर्यंत ते मलाच ठाऊक नव्हतं. मी दरवर्षी नाइलाजाने एक एक सीझन करतो आहे, एवढंच मी स्वतःला सांगत आलो होतो. तिथे पगार धड नव्हता, कोणी माझं नाव धड घेत नव्हतं, पण त्या धुरावरून यंत्र वळवून सुळक्यावर टेकवताना माझं जे काही व्हायचं, ते मला इथे पुन्हा कुठेच मिळणार नव्हतं.

बाबांनी माझं मनगट सोडलं. चेहरा माझ्याकडे होता, पण नजर जरा बाजूला. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"मगे ह्या पयलाच सांगाचा होता रे," ते म्हणाले. "मी उगाच साच्याक चिकटान रवलंय."

घरी परतताना नाक्यावर रस्ता ओलांडायच्या वेळी मी हात धरायला गेलो, तर त्यांनी काढून घेतला आणि थोड्या वेळाने स्वतःच माझ्या खांद्यावर ठेवला. पुढल्या सोमवारी त्यांनी वसंताचं नाव दिलं. आईने पेढे वाटले आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. वसंत रोज पहाटे अंघोळ करून पास खिशात घालून निघायचा, इतका खूश की मला त्याच्याकडे बघवत नसे. मे महिन्याच्या आत मी परत गेलो. धक्क्यावर या वेळी बाबांनी काहीच विचारायला सांगितलं नाही.

त्याला आता इतकी वर्षं झाली की हिशेब करवत नाही. पुढे आम्हा पायलट लोकांना भांडून भांडून तयार बसण्याचे पैसे मिळायला लागले, आणि माझा एक डॉलरही भरून निघाला. आता हिवाळ्यात बर्फ उपसतो आणि उन्हाळ्यात धुराचा वास आला की अजून उठून खिडकीशी जातो. नवी पोरं येऊन विचारतात, सॅम, अमुक कंपनी इतका रेट देते, घेऊ का? मी त्यांच्यावर खेकसतो, की आधी सगळं वाचा. वसंत बदलीचा कायम झाला, त्याने संसार केला, आई-बाबांचं शेवटपर्यंत केलं, आणि मग एक दिवस गिरणीच बंद पडली. त्याच्या तोंडून मी तक्रारीचा शब्द ऐकलेला नाही. त्या जागेवर आता काचेची इमारत आहे म्हणतात. मला बघायला जायचं नाही.

अधूनमधून कोणी तरी विचारतं, तुमचं घर कोणतं, इथलं की तिथलं? हा प्रश्न ऐकला की मला वैताग येतो. कर इथे भरतो, औषधं इथली घेतो, माती बहुतेक इथलीच मिळेल. पण लालबागमध्ये माझ्यासाठी एक जागा होती. मला नको असलेली, माझ्या कुठल्याच उपयोगाची नसलेली, पगार ऐकून हसू यावं अशी. ती एका माणसाने डोळे जाईपर्यंत धरून ठेवली होती, आणि ती सोडा म्हणून मला त्याला भररस्त्यात ओरडून सांगावं लागलं. इथे मी उभं आयुष्य काढलं. दर सप्टेंबरात निघताना हात हलवला. पण हा माणूस परत येईल म्हणून माझ्या खुर्चीवर कोणी साधा रुमालसुद्धा टाकून ठेवला नाही.